पंडिता रमाबाई : पारखून घेतलेला ग्रंथ

गेल्या महिन्यात आमच्या सेक्टरमधील समूहाची प्रार्थनासभा एका कुटुंबाच्या घरी भरली होती. रोझरी झाली, शुभवर्तमानाचे वाचन झाले आणि चहा येण्याआधी कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलाने सरळच प्रश्न विचारला. हा ग्रंथ दोन हजार वर्षांपूर्वीचा, त्यातील बराच भाग त्याहूनही जुना. लिहिला गेला इब्री आणि ग्रीक भाषांत, हाताने नकला होत पिढ्यान्‌पिढ्या पुढे आला, मग त्याची भाषांतरे झाली. तर आज आपल्या हातात जे मराठी पुस्तक आहे त्यावर विसंबायचे ते कशाच्या बळावर? खोलीत शांतता पसरली. एका वडीलधाऱ्यांनी श्रद्धेच्या बाबतीत असे प्रश्न विचारायचे नसतात, असे म्हणून विषय मिटवला. मुलगा गप्प बसला, पण त्याचे समाधान झाले नव्हते. खरे सांगायचे तर आमचेही झाले नव्हते.

बायबल आपल्या प्रत्येकाच्या घरी आहे. लग्नात मिळालेले असते, मुलांच्या दृढीकरणाच्या वेळी मिळालेले असते. पुष्कळ घरांत ते वेदीशेजारी शोकेसमध्ये प्लास्टिकच्या वेष्टनासकट ठेवलेले असते. त्याचा मान राखला जातो, पण अडचणीच्या वेळी त्यातून वाट मिळेल अशी खात्री आपल्यापैकी किती जणांना आहे? ती खात्री येते तरी कशी? घरी परतताना आम्हाला पंडिता रमाबाईंची आठवण झाली. रमाबाई कॅथलिक नव्हत्या. त्यांचा स्नानसंस्कार इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चमध्ये झाला आणि पुढे त्या आपल्या स्वतंत्र वाटेने गेल्या. तरीही बायबलवर विश्वास ठेवायला शिकणे म्हणजे काय, हे मराठी माणसांत त्यांच्याइतके कष्टाने कोणी शिकले असेल असे आम्हाला वाटत नाही.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858चा. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित. बायकांना संस्कृत शिकवायचे नाही, असा तो काळ. अनंतशास्त्रींनी मात्र पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले, आणि त्यावरून गावात कटकट होऊ लागली तेव्हा ते पश्चिम घाटातील गंगामूळ नावाच्या जागी, आज ती कर्नाटकात आहे, रानात घर बांधून राहिले. तिथेच रमाबाई जन्मल्या. पाहुणे, विद्यार्थी आणि यात्रेकरू यांच्यावर खर्च करता करता शास्त्रीबुवांची पुंजी संपली. रमा काही महिन्यांची असताना कुटुंब तीर्थयात्रेला निघाले ते कायमचेच. गावोगावी देवळात बसून पुराण सांगायचे आणि लोक जे घालतील त्यावर गुजराण करायची. आईने रमेला आठव्या वर्षापासून संस्कृत शिकवले. भागवताचे हजारो श्लोक त्यांना तोंडपाठ होते.

हे कुटुंब ग्रंथावर जगणारे होते, हे लक्षात ठेवले पाहिजे. ग्रंथात सांगितलेले उपवास त्यांनी केले, सांगितलेली दाने दिली, सांगितलेल्या तीर्थांत स्नाने केली. मग दुष्काळ आला. शरीरकष्टाचे काम करायची सवय नव्हती, भीक मागायची लाज वाटे. दक्षिणेतील एका रानात अकरा दिवस त्यांनी पाणी, झाडाची पाने आणि मूठभर रानखजूर यांवर काढले. शेवटी वृद्ध, जवळजवळ अंध झालेल्या वडिलांनी जलसमाधी घ्यायचे ठरवले आणि सगळ्यांचा निरोपही घेतला. तेव्हा मुलगा श्रीनिवास पुढे झाला. आपण मोलमजुरी करू, पण हे करू नका, असे त्याने विनवले. जलसमाधी टळली, पण मरण टळले नाही. 1874 साली आधी वडील, मग आई आणि काही महिन्यांनी थोरली बहीण गेली. रमाबाईंचे वय तेव्हा सोळा होते.

भाऊबहीण पायी चालत राहिले, थेट काश्मीरपर्यंत गेले. पांघरूण नव्हते म्हणून झेलम नदीच्या काठी वाळूत खड्डे करून, अंगावर कोरडी वाळू ओढून थंडीच्या रात्री काढल्या. अशी वर्षे काढणाऱ्या माणसाचा ग्रंथावरचा विश्वास एकदम जात नाही, झिरपत झिरपत जातो. दोघांनी व्रते पाळणे सोडले नव्हते, पण मनात शंका घर करू लागली होती.

1878 साली दोघे कलकत्त्याला पोहोचले. वीस वर्षांची मुलगी अस्खलित संस्कृत बोलते हे पाहून तिथले पंडित थक्क झाले. त्यांनी तिची परीक्षा घेऊन ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. त्याच शहरात ख्रिस्ती लोकांच्या एका मेळाव्याला दोघांना बोलावणे आले. तिथे जे दिसले त्याचे वर्णन रमाबाईंनी पुढे मोठ्या गमतीने केले आहे. मंडळींनी चहा-बिस्किटे खाल्ली, ते पाहून कलियुग आलेच अशी या भावंडांची खात्री पटली. मग सगळे जण खुर्च्यांकडे तोंड करून गुडघ्यांवर बसले आणि डोळे मिटून बोलू लागले. देवाची मूर्ती कुठेच नाही, तेव्हा हे लोक खुर्च्यांचीच पूजा करतात, असा त्यांनी समज करून घेतला. आपल्या चर्चमध्ये पहिल्यांदा आलेल्या पाहुण्याला काय वाटत असेल, याचा विचार आपण क्वचितच करतो.

त्या मेळाव्यात रमाबाईंना संस्कृत बायबल भेट मिळाले. पुस्तक देखणे होते. त्यांनी वाचायचा प्रयत्न केला, पण त्यातील संस्कृत त्यांना परके वाटले, शिकवण तर त्याहून परकी. वेळ फुकट जातो म्हणून त्यांनी ते मिटून ठेवले. मात्र टाकून दिले नाही. पुढच्या सगळ्या प्रवासात ते त्यांच्यापाशीच राहिले. म्हणजे एवढी संस्कृत पंडिता, हातात संस्कृत बायबल, आणि काही उपयोग झाला नाही! भाषा येणे वेगळे आणि ग्रंथाचे बोलणे आपल्यापर्यंत पोहोचणे वेगळे. ही गोष्ट पुढे त्यांना फार कामी आली.

कलकत्त्यातच स्त्रियांपुढे व्याख्याने देण्यासाठी त्यांनी धर्मशास्त्रे नव्याने वाचली. ग्रंथांचे आपसात जुळत नाही, आणि जुळते ते स्त्रिया व शूद्र यांना हीन लेखण्यातच, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तो त्यांचा होता. आपल्या हिंदू शेजाऱ्यांच्या ग्रंथांना नावे ठेवण्यासाठी आम्ही तो इथे सांगत नाही. अमेरिकेत ख्रिस्ती लोकांनी बायबलमधीलच ओळी पुढे करून गुलामगिरीचे समर्थन केले होते, हेही आपण विसरू नये. आम्हाला महत्त्वाची वाटते ती रमाबाईंची कसोटी. धर्मग्रंथ म्हणून जो समोर येईल त्याला त्या एकच विचारू लागल्या. सगळ्यांत खाली ढकललेल्या बाईचे या ग्रंथामुळे काय होते?

1880 साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी विवाह केला. हा विवाह जातीबाहेरचा होता. आसामातील सिल्चर येथे त्यांचा संसार सुरू झाला. तिथे घरातल्या पुस्तकांत एक दिवस त्यांना बंगालीतील संत लूकच्या शुभवर्तमानाची छोटी पुस्तिका सापडली. ती तिथे कशी आली हे त्यांना कधीच कळले नाही. त्यांनी ती आवडीने वाचली. ॲलन नावाचे बाप्तिस्त मिशनरी घरी येऊन उत्पत्तीच्या पुस्तकातील कथा समजावून सांगू लागले. आपण ख्रिस्ती व्हावे असे त्यांच्या मनात येऊ लागले, पण मिशनरी शाळेत शिकलेल्या पतीला ते मुळीच पसंत नव्हते. तो वाद सुटण्याआधीच फेब्रुवारी 1882 मध्ये पटकीने पतीचे निधन झाले. दहा महिन्यांची मनोरमा मांडीवर आणि वय तेवीस.

त्या पुण्याला आल्या, स्त्रियांसाठी आर्य महिला समाज स्थापन केला, आणि मिस हरफर्ड नावाच्या बाईंकडे नव्या कराराचे धडे घेऊ लागल्या. नेहेम्या गोरे हेही त्यांना भेटत. काशीचे नीळकंठशास्त्री गोरे ते हेच. शास्त्रार्थ करून करून ख्रिस्ती झालेला हा विद्वान धर्मगुरू रमाबाईंच्या शंकांना त्यांच्याच पातळीवर उत्तरे देऊ शके.

1883 साली वैद्यकीय शिक्षणासाठी त्या इंग्लंडला गेल्या. कानाने कमी ऐकू येत असल्यामुळे ते शिक्षण राहूनच गेले. वाँटेज येथील धर्मभगिनींच्या मठात त्यांना आसरा मिळाला. या भगिनी समाजाने वाऱ्यावर सोडलेल्या स्त्रियांसाठी लंडनमध्ये एक आश्रम चालवत. रमाबाई तो पाहायला गेल्या. ज्या बायकांची सावलीही लोकांना नको असते, त्यांच्या जखमा धुणाऱ्या, त्यांना हाताला धरून उभे करणाऱ्या भगिनी त्यांनी पाहिल्या. हे तुम्ही कशाच्या आधारे करता, असे त्यांनी विचारले. उत्तरादाखल एका भगिनीने त्यांना संत योहानच्या शुभवर्तमानातील चौथा अध्याय वाचून दाखवला. विहिरीवर आलेली शोमरोनी स्त्री, पाच नवरे झालेली, भर दुपारी एकटी पाण्याला आलेली, आणि तिच्याकडे पाणी मागणारा, तिच्याशी उपासनेसारख्या गहन विषयावर बोलणारा प्रभू येशू. रमाबाई ज्या कसोटीवर ग्रंथ घासत आल्या होत्या, तिथे हा अध्याय उतरला. तो नुसता वाचलेला नव्हता. आधी त्यांनी तो आश्रमात घडताना पाहिला होता आणि मग ऐकला. 29 सप्टेंबर 1883 रोजी मायलेकींचा स्नानसंस्कार झाला.

इथे गोष्ट संपत नाही. चरित्रे लिहिणारे पुष्कळदा इथे घाई करतात. स्नानसंस्कारानंतरच रमाबाईंचे खरे वाद सुरू झाले. पवित्र त्रैक्य, प्रभूचे देवत्व, चर्चमधील निरनिराळ्या पंथांची मते, या सगळ्यांवर त्या वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी पत्रांतून झगडत राहिल्या. हा पत्रव्यवहार 1977 साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला आहे. ग्रंथात जे आहे ते मी मानेन, कोणी धर्मगुरूने सांगितले एवढ्यावरून मानणार नाही, असा त्यांचा बाणा. क्रुसावर लॅटिन अक्षरे असावीत अशी भगिनींची इच्छा होती, तर आपल्या देशबांधवांना लॅटिनपेक्षा संस्कृत काय वाईट, असा त्यांचा सवाल. आपल्या वडीलधाऱ्यांनी लॅटिनमधील मिस्सा ऐकलेली आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर ती मराठीत आली तेव्हाचा आनंदही ते सांगतात. त्यांना हा सवाल लगेच कळेल.

सिस्टर जेराल्डीन यांना रमाबाई हट्टी आणि गर्विष्ठ वाटल्या. आम्हाला दोघींची बाजू कळते. चर्चवाचून नुसता ग्रंथ हातात घेऊन चालणे धोक्याचे असते, कारण ग्रंथ जपला, नकलला आणि कोणती पुस्तके त्यात असावीत हे ठरवले ते श्रद्धावंतांच्या मंडळीनेच. या बाबतीत रमाबाईंचे कमी पडले, असे आमचे मत आहे. पण पोटच्या मुलीसारखे ज्याला आपलेसे करायचे त्याला नीट पाहून घेणारी ही बाई होती. एकदा ग्रंथांवर विसंबून आईवडील गमावले होते. दुसऱ्यांदा डोळे मिटून विसंबायला ती तयार नव्हती, याला गर्व म्हणता येईल का?

अमेरिकेतून मदत मिळवून 1889 साली त्यांनी मुंबईत चौपाटीजवळ विधवा मुलींसाठी शारदा सदन काढले, पुढे ते पुण्याला नेले. 1891च्या सुमारास त्यांच्या मनात आणखी एक बदल झाला. स्नानसंस्काराला आठ वर्षे झाली होती. बायबल वाचून वाद जिंकता येत होते, मनाला स्वस्थता मात्र नव्हती. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, ख्रिस्त अजून सापडलेला नाही, असे त्यांच्या ध्यानात आले. त्यानंतर त्यांनी बायबल वाचले ते उलटतपासणी घेण्यासाठी नव्हे. आपल्यालाच आलेले पत्र वाचावे तसे त्या ते वाचू लागल्या. इतक्या वर्षांचे प्रश्न विचारून झाले होते म्हणूनच हे जमले असावे.

याची किंमत मोजावी लागली. शारदा सदनात धर्माबाबत तटस्थता पाळायचे ठरले होते. रमाबाई आपल्या खोलीत मुलीबरोबर बायबल वाचत, दार उघडे असे, आणि मुली आपणहून येऊन बसू लागल्या. 1893 साली पुण्यात गदारोळ झाला. ‘केसरी’ने कडक टीका केली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुलींना घरी नेले. पालकांची तक्रार अगदीच निराधार होती असे आम्ही म्हणणार नाही. कोवळ्या वयाच्या मुली होत्या, आणि विश्वासाने सोपवलेल्या होत्या. पण दार लावून घेऊन वाचणे रमाबाईंना मान्य नव्हते.

1896 साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. तेव्हा स्वतः उपासमारीतून वाचलेल्या रमाबाई तिथे गेल्या आणि सुमारे तीनशे मुलींना घेऊन आल्या. पुण्याहून दौंडकडे जाताना केडगाव स्थानक लागते. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील गावी जाताना आपल्यापैकी अनेकांनी ते गाडीतून पाहिले असेल. तिथे मुक्ती मिशन उभे राहिले. 1900च्या दुष्काळानंतर तिथे दोन हजारांच्या आसपास माणसे राहत होती. शेती, विणकाम, शाळा, अंध मुलींचे शिक्षण, छापखाना असे सगळे तिथे चाले. 1905च्या आध्यात्मिक जागृतीबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. ते आम्ही बाजूला ठेवतो, कारण त्याच सुमारास त्यांनी हाती घेतलेले काम आम्हाला अधिक मोठे वाटते.

ते काम म्हणजे संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर. मराठीत बायबल नव्हते असे नाही. सेरामपूरहून विल्यम केरी यांनी नवा करार 1811 सालीच छापला होता. त्याच्याही कितीतरी आधी, 1616 साली, गोव्यात आपल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ निघाले होते. घरी बायबल नसलेल्या आपल्या पूर्वजांनी तारणाची कथा ऐकली ती त्याच्या ओव्यांतून. पण मुक्तीतल्या बायका दुष्काळी खेड्यांतून आलेल्या, अक्षरे नुकतीच गिरवू लागलेल्या. प्रचलित भाषांतरातील संस्कृतप्रचुर शब्द त्यांच्या डोक्यावरून जात. कलकत्त्यात संस्कृत बायबलापुढे आपलेही असेच झाले होते, हे रमाबाई विसरल्या नव्हत्या. शिवाय शब्दांना आपापला इतिहास असतो, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक होते? उदाहरण आमचे आहे, पण तारण म्हणायचे की मोक्ष, याने ऐकणाऱ्याच्या मनात दोन निरनिराळी चित्रे उभी राहतात.

यासाठी वयाच्या पंचेचाळिशीनंतर त्यांनी इब्री आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला. ऐकू येणे बरेच कमी झाले होते, संस्थेचा पसारा डोक्यावर होता. रोज मूळ शब्द शोधायचा, साधा मराठी शब्द शोधायचा, बायकांना कळतो का हे पाहायचे. खिळे जुळवणे, छापणे, बांधणी हे सगळे मुक्तीतल्या स्त्रिया करत. भाकरीसाठी दारोदार फिरलेल्या मुली यशयाच्या ग्रंथाचे खिळे जुळवत होत्या. आमच्या त्या कॉलेजातल्या मुलाला ही गोष्ट सांगायला हवी होती. भाषांतरावर विसंबायचे कसे, हा त्याचा प्रश्न रमाबाईंचाही होता. त्यांनी त्यासाठी मुळापर्यंत जायचा रस्ता धरला.

नकलांबद्दलच्या त्याच्या शंकेलाही आज रमाबाईंच्या काळी नव्हते असे उत्तर आहे. 1947 पासून मृत समुद्राजवळच्या कुमरान येथील गुहांत जुन्या गुंडाळ्या सापडल्या. त्यांतील यशयाची गुंडाळी तोपर्यंत ठाऊक असलेल्या इब्री हस्तलिखितांपेक्षा सुमारे हजार वर्षांनी जुनी निघाली. ताडून पाहता अक्षरांचे आणि शब्दांचे पुष्कळ बारीक फरक आढळले, पण मजकूर तोच होता. अर्थात बायबल हे शास्त्राचे क्रमिक पुस्तक नव्हे. आपल्या तारणासाठी जे सत्य देवाला आपल्यापर्यंत पोहोचवायचे होते ते त्यात बिनचूक आहे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 साली सांगितले. सर्व श्रद्धावंतांना बायबल सहज मिळाले पाहिजे, असाही तिचा आग्रह होता.

रमाबाईंचे भाषांतर पुढे मंडळ्यांमध्ये फारसे रूढ झाले नाही. मूळ शब्दाला चिकटून राहण्याचा त्यांचा आग्रह मोठा, त्यामुळे वाचताना कुठे कुठे अडखळायला होते. आपल्या बायबलमधील 73 पैकी 66 पुस्तकेच त्यात आहेत. तरी एका बाईने मुळापासून सगळे बायबल भाषांतरित करावे, ही घटना जगात विरळाच.

24 जुलै 1921 रोजी मनोरमा वारल्या. सगळा भार जिच्यावर सोपवायचा होता ती एकुलती एक मुलगी चाळिसाव्या वर्षी गेली. रमाबाई स्वतः थकल्या होत्या, पण शेवटची मुद्रिते तपासायची राहिली होती. तेवढे दिवस द्यावेत अशी त्यांनी देवाकडे प्रार्थना केली आणि काम संपल्यावरच त्यांनी डोळे मिटले, असे मुक्तीत सांगतात. 5 एप्रिल 1922 हा तो दिवस. संपूर्ण बायबल छापून बाहेर पडले ते 1924 साली. कलकत्त्यात मिळालेले, न कळलेले ते संस्कृत बायबल त्यांनी आयुष्यभर जपले होते.

पुढच्या समूहसभेत आपण संत योहानच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचणार आहोत. प्रत्येकाने घरचे बायबल बरोबर आणावे, वेष्टन काढून. मागच्या वेळी प्रश्न विचारणाऱ्या मुलाला आम्ही मुद्दाम निरोप धाडला आहे. त्याचे आणखीही प्रश्न आहेत असे त्याने कळवले आहे, तेव्हा चहा या खेपेला वाचनाआधीच होईल.